भिंतीवरची सवत

सन २०४१ची ही गोष्ट. त्या वर्षी हापूस जानेवारीतच बाजारात आला आणि सगळ्यांनी नाकं मुरडत का होईना, खाल्ला. कणीक मळणारी यंत्रं घरोघर आली होती, पण पोळी लाटायला अजून माणूसच लागायचं. आणि त्याच वर्षी करंजवेळच्या नौदल वसाहतीत प्रत्येक घराच्या भिंतीवर, देव्हारा आणि फ्रिज यांच्या मधोमध, पापडाएवढी एक पांढरी चकती येऊन बसली. तिचं सरकारी नाव 'समतोल'. वसाहतीतल्या बायका तिला 'सवत' म्हणत.

म्हणण्याला कारण होतं. नवरा घरी राहणार की समुद्रावर जाणार, हे आता ती ठरवणार होती.

त्याआधीचा कारभारही काही सोन्याचा नव्हता. नाविकाने काही वर्षं जहाजावर काढावीत, मग काही वर्षं किनाऱ्यावरच्या नेमणुकीत बायकापोरांत राहावं, असा नियम. पण किनाऱ्यावरच्या खुर्च्या थोड्या आणि वशिले फार, असं लोक म्हणत. काही माणसं किनाऱ्यावर इतकी रुजली होती की त्यांना पारंब्या फुटायच्याच बाकी होत्या. काही समुद्रावर इतकी रमवली गेली होती की ती घरी आली की पोरं आत जाऊन सांगत, "आई, कोणीतरी काका आलेत." घरं मोडायला लागली, चांगली माणसं नोकरी सोडायला लागली, तेव्हा वरच्यांनी ठरवलं, यातून माणसाचा हातच काढून टाकायचा. यंत्र मोजेल, यंत्र ठरवेल, आणि त्याच्या निकालाला कोणी बोट लावायचं नाही. यंत्राला मामा नसतो आणि मेव्हणाही नसतो.

मोजायचं ते असं. घरातल्या मोठ्या माणसांच्या मनगटात एक रबरी पट्टी. माणूस काळजीत पडला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात, आणि त्याचा अंश घामात उतरतो. पट्टी तो घाम चाखायची. शिवाय हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बघायची. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही; श्वास आत घेताना जरा घाई करतं, सोडताना जरा रेंगाळतं. काळजी लागली की हे रेंगाळणं संपतं आणि हृदय परेड करायला लागतं. ही सगळी माहिती भिंतीवरच्या चकतीकडे जायची. चकती स्वतः घरातलं बोलणं ऐकायची आणि ताडायची, की नवरा आता आलाय की गेलाय. आल्या-गेल्याचा आणि सुखदुःखाचा मेळ घालून ती ठरवायची, या घराला समुद्र किती सोसतो.

आता कोणीही विचारेल, नवरा आला की गेला हे कान लावून ताडायचं कशाला? जहाजाच्या नोंदीवरून कळलं असतं की! पण जहाजं कधी सुटतात आणि कधी लागतात, हे गुपित. परदेशी कंपनीने बनवलेल्या, घरातल्या फ्रिजशेजारच्या यंत्राला ते सांगायचं म्हणजे देशद्रोहच. करंजवेळच्या मासळीबाजारात मात्र जहाज कुठल्या भरतीला सुटणार हे प्रत्येक कोळणीला ठाऊक असे आणि त्या बेताने त्या पापलेटचा भाव चढवत. गुपित होतं ते फक्त सवतीपासून.

या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर शलाका केळुसकर राहत होती. नवरा हेरंब जहाजाच्या इंजिनखोलीतला चीफ. मुलगी पुण्याला शिकायला. घरात सासूबाई, म्हणजे आई, मूळच्या मालवणकडच्या, दृष्टी अधू पण जीभ शाबूत. शलाका वनस्पतीशास्त्र शिकलेली. समुद्री शेवाळावर तिने कधीकाळी एक छान निबंध लिहिला होता. पुढे हेरंबच्या बदल्यांमागे फिरता फिरता तिचं शेवाळ राहिलं आणि हातात उरली शाळेतली पर्यवेक्षिकेची नोकरी.

आणि त्या पावसाळ्यात तिच्या वर्गमैत्रिणीचा फोन आला. लक्षद्वीपच्या बाजूला समुद्रावर तरंगती शेवाळशेती उभी राहत होती, तिथे वनस्पतीतज्ज्ञ हवी होती. शेतीवरच राहायचं, पुढल्या उन्हाळ्यापर्यंत. "दसऱ्याच्या आत हो म्हण," मैत्रीण म्हणाली. "नंतर मी तुझी वाट बघणार नाही. दुसरी पोरगी तयार आहे, आणि तिला पोहताही येतं."

शलाकालाही पोहता येत होतं. तिला येत नव्हतं ते एवढंच, आईंना एकटं सोडून जाणं. स्वयंपाकीण ठेवली तर आई तिला हाकलत, मदतनीस यंत्र आणलं तर त्याच्यावर ओलं फडकं टाकत. पण हेरंबची किनाऱ्यावरची पाळी कधीच उलटून गेली होती. समतोलने हिशेब केला की तो घरी येणार, आणि मग शलाका मोकळी. तिने पाट्या धुऊन कोरड्या कराव्यात तशी मनातल्या मनात सगळी तयारी केली.

श्रावणातल्या एका संध्याकाळी, जहाज धक्क्याला असताना, हेरंब निकाल घेऊन घरी आला. बूट काढले, ते नीट जोडून ठेवले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाहुण्यासारखा उभा राहिला.

"काय झालं? किनारा ना?" शलाकाने विचारलं.

"समुद्र," हेरंब म्हणाला. "गणपतीनंतर निघायचं."

शलाकाच्या हातातला झारा तसाच राहिला. "का? परत का?"

हेरंबने घसा साफ केला. "यंत्राचं म्हणणं असं, की मी घरी असलो की तुला त्रास होतो."

"मला?"

"तू रडतेस म्हणे. तुझं हृदय परेड करतं. मी समुद्रावर गेलो की तू फुलतेस. हसतेस, गातेससुद्धा." तो बाल्कनीकडे बघत म्हणाला, "शलाका, खरं सांग. मी नको असतो का गं तुला? आधी सांगितलं असतंस तर मी खालच्या क्लबात जाऊन बसलो असतो."

त्या दिवसापासून हेरंबने घरात सभ्यतेचा कहर मांडला. तो स्वतःच्याच घरात खोकून आत यायला लागला. खुर्चीवर बसण्याआधी विचारू लागला. आमटी पुन्हा वाढून घेताना "चालेल ना?" म्हणू लागला. तिसऱ्या वेळी आई म्हणाल्या, "काय रे, भाड्यान रवतस काय हय?"

शलाका दुसऱ्याच दिवशी समतोलच्या कचेरीत गेली. तिथले अधिकारी लेफ्टनंट कमांडर सोधी तरुण होते, अमृतसरचे होते आणि अविवाहित होते. वसाहतीतल्या सगळ्या संसारांचे वैद्य म्हणून त्यांना नेमलं होतं. मराठी त्यांनी ध्वनिफितींवरून शिकलेली, त्यामुळे ते नेहमी उद्घाटनाला आल्यासारखे बोलत.

"आसनस्थ व्हावे," सोधी म्हणाले. "आपणांस खेदपूर्वक निवेदन करतो, की आपले पती गृही प्रवेश करताच आपण अश्रू ढाळता. तद्नंतर ते अनेक मास आपल्याशी एक शब्दही बोलत नाहीत. पूर्ण अबोला."

"हेरंब? अबोला?" शलाका उडालीच. "अहो, तो झोपेतसुद्धा बोलतो!"

"परंतु समुद्रावर प्रस्थान करताच," सोधी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "संबंध अत्यंत मधुर. दिवसभर वार्तालाप. हास्यविनोद. तळलेल्या बांगड्यांची मागणी."

"समुद्रावरून बांगड्यांची मागणी कशी करेल तो? मी काय तळून पोहत नेऊ?"

सोधींनी पडदा बंद केला. मग खाजगीत सांगावं तसं पुढे वाकून म्हणाले, "ताई, केवळ आपलेच नव्हे. समस्त मराठी कुटुंबांत हेच. बंगाली कुटुंबांतही. पंजाबी, हरयाणवी स्त्रिया मात्र पती येताच प्रसन्न. मी चिंतन केले. माझे मत, हा मत्स्याहाराचा परिणाम असावा."

"मासे खाऊन माणूस रडत असता तर देवगडात पूर आला असता," शलाका म्हणाली. "तुम्ही साहेब आहात ना? बदला मग हा निकाल."

"मज अधिकार नाही. कोणासही नाही. नवी माहिती मिळाली तर यंत्र स्वतःच मत बदलते. जहाजाची शिडी उचलेपर्यंत."

नवी माहिती! शलाका घरी आली ती समोरच्या श्राबणी मंडलला बरोबर घेऊनच. श्राबणी मूळची हुगळीकाठची. तिचा तपनही असाच पुन्हा पुन्हा समुद्रावर जात होता, आणि वर त्याला बोट लागायची, उलट्यांनी बेजार व्हायचा. दोघींनी बेत केला. नवरे घरात आहेत तोवर चकतीसमोर बसून आनंद दाखवायचा, म्हणजे सवतीला कळेल की नवरा घरात असला की बायको सुखी असते.

आठवडाभर केळुसकरांच्या घरात हास्याचे फवारे उडत होते. हेरंबला मध्ये बसवून दोघी त्याच्या जुन्या, शंभरदा सांगितलेल्या विनोदांवर पोट धरून हसत. हेरंबला आधी बरं वाटलं, मग शंका यायला लागली. श्राबणी मनगटावरची पट्टी चकतीला दाखवून म्हणे, "बघ गो सवत, किती खूश आहे मी!" आईंना वाटलं, दोघींना भूतबाधा झाली. त्यांनी मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. त्या धुराने सगळे खोकले.

सोमवारी नवा निकाल आला. हेरंबची फेरी दुप्पट लांब झाली होती, आणि निघायचं होतं गणपतीच्या आधी.

यंत्राने केळुसकरांचा इतका थेट अपमान केल्यावर सोधींनाही राहवलं नाही. चकतीच बिघडली असेल, असं म्हणून ते स्वतः हत्यारांची पेटी घेऊन केळुसकरांकडे आले. चकती उघडली, पुसली, बसवली. बिघाड काही सापडला नाही. आईंनी त्यांना नारळाची वडी दिली, श्राबणीने चहा केला. मग सोधी उठले, दाराशी जाऊन एक बूट चढवला, आणि नम्रपणे म्हणाले, "बरं आहे आजी. मी जातो."

"शिरा पडो!" आई अशा ओरडल्या की सोधींच्या हातातला दुसरा बूट जिन्यावरून खाली गेला. "जातो काय म्हणतस रे मेल्या? येतंय म्हण, येतंय!"

"परंतु आजी, मी येत नाही. मी जात आहे."

"म्हणानच सांगतंय! जाताना कोण जातो म्हणता? तिरडीवरचो माणूस जाता. जितो माणूस येतंय म्हणता."

सोधी एका पायावर उभे होते. "आपण सर्व असेच म्हणता? बाहेर जाताना, 'येतो'?"

"मग काय म्हणणार?" शलाका म्हणाली.

"आम्ही पण," श्राबणी म्हणाली. "आमच्यात जाताना म्हणतात, 'आशी'. म्हणजे येतो. जाई कोणी नाही म्हणत, अमंगल असते ते."

सोधी बुटांच्या कपाटावरच बसले. "हेरंबजी जहाजावर निघताना काय म्हणतात?"

"'येतो गं,'" शलाका सावकाश म्हणाली. आता तिच्याही डोक्यात उजेड पडू लागला होता. "आणि परत आला की बॅग टाकतो आणि म्हणतो, 'सुटलो एकदाचा!'"

"सुटलो," सोधी पुटपुटले. "जहाज सुटते, गाडी सुटते. कंपनीने शिकवले, सुटणे म्हणजे प्रस्थान." त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ते जातात तेव्हा यंत्र समजते की आले. आपण रडता, तर यंत्र समजते की आल्यामुळे रडता. मग घरात आवाज नाही, तर अबोला. आणि येतात तेव्हा यंत्र समजते की गेले, म्हणून तर बांगडे!"

मग आत पेपर वाचत बसलेला हेरंब बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. त्याने न विचारता खुर्ची ओढली, न विचारता वडी उचलली आणि तोंडात टाकून म्हणाला, "म्हणजे मी हवा असतो तर!"

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. सोधींनी कंपनीला कळवलं. कंपनीने आभार मानले आणि सुधारणा पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत करू म्हणून सांगितलं. तोपर्यंत एक तात्पुरता उपाय सुचवला: मराठी आणि बंगाली नाविकांनी घरातून निघताना स्पष्ट 'जातो' म्हणावं. एकदा जरी यंत्राने खरं जाणं आणि खरं रडणं एकत्र ऐकलं, तरी मागचं सगळं ते आपसूक सुधारून घेईल. अशा यंत्रांना एक खरा धडा पुरतो. त्या किल्लीने ती मागची सगळी कुलपं उघडत जातात.

वसाहतीत गदारोळ उडाला. बायकांनी सोधींच्या कचेरीला घेराव घातला. एकीने विचारलं, "तुमच्या आईने तुम्हाला हेच शिकवलं का?"

शलाकाने मात्र ठरवलं होतं. ती शास्त्र शिकलेली होती. शब्द म्हणजे हवेतली थरथर. त्या थरथरीने जहाजाचा पत्रा फाटत नाही. एक शब्द, की हेरंब किनाऱ्यावर आणि ती शेवाळशेतीवर. निघायच्या दिवशी सकाळी तिने हेरंबला चकतीसमोर उभं केलं आणि बजावलं, "माझ्याकडे बघून म्हण. मोठ्याने. आईंकडे बघू नकोस."

आई देव्हाऱ्याकडे तोंड करून कानात बोटं घालून बसल्या होत्या. हेरंबने बॅग खांद्यावर घेतली. बाहेर चक्रीवादळाचा इशारा देणारा बावटा चढला होता आणि समुद्र काळवंडला होता. त्याने शलाकाकडे बघितलं.

"म्हण ना," ती म्हणाली.

"जा..." हेरंबने तोंड उघडलं.

आणि शलाकाने झडप घालून त्याचं तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. "नको! नको म्हणूस! मरू दे ते शेवाळ!"

शास्त्र कुठे गेलं कोण जाणे. तिच्या मनगटावरची पट्टी तापून लाल झाली होती. हेरंबने तिचे हात हळूच बाजूला केले. तो 'येतो'ही म्हणाला नाही. नुसती मान हलवली आणि जिना उतरून गेला.

शलाका शेंगांची परडी घेऊन बसली. मैत्रिणीला नाही म्हणून कळवायचं, एवढंच आता उरलं होतं. श्राबणी शेजारी येऊन बसली आणि दोघी शेंगा सोलत राहिल्या.

भरती लागायच्या सुमाराला दारात सावली पडली. हेरंब उभा होता, बॅग खांद्यावर, तोंड घट्ट मिटलेलं. तो चकतीकडे बोट दाखवत होता, मग ओठांवर बोट ठेवत होता, मग जमिनीकडे बोट दाखवून पाय आपटत होता.

"काय झालं? वाचा गेली काय?" आई ओरडल्या. "शलाका, बघ गो, लकवो इलो!"

हेरंबने चकतीवर टॉवेल टाकला आणि मगच श्वास सोडला. "किनारा!" तो म्हणाला. "किनाऱ्यावर नेमणूक! सोधीसाहेब धावत धक्क्यावर आले. म्हणाले, एका 'जा'वर तुझं हृदय असं उसळलं, की यंत्राने आजवर असलं काही पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, एवढी भीती ज्याची, तेच खरं जाणं. आणि तिथून त्याने मागचं सगळं उलटं वाचलं. माझं, तपनचं, सगळ्यांचं. आता मी काही बोलणार नाही. परत बिनसायला नको."

त्या दुपारी धक्क्यावर चढणाऱ्यांपेक्षा उतरणारे जास्त झाले. जहाज रिकामं जाऊ लागलं, तेव्हा यंत्राने किनाऱ्यावर पारंब्या फुटत आलेल्या मंडळींना भराभर वर पाठवलं. त्यातला हरजिंदर म्हणून एक सरदारजी घरी बसून बसून क्रोशाचं विणकाम शिकला होता. तो लोकरीचे गुंडे घेऊन चढला. त्याची बायको जसलीन हिने वसाहतीत पेढे वाटले.

शलाका दसऱ्याच्या आत शेवाळशेतीवर रुजू झाली. पहिले दिवस तिला समुद्र इतका लागला की मैत्रिणीने त्या दुसऱ्या पोरीची आठवण काढली. पण पुढे ती तिथे रमली. एका तांबड्या शेवाळाला रोग पडत होता त्याचं कारण तिने शोधून काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं दर हिवाळा ती तिकडेच काढत राहिली.

सोधींनी लवकरच संसारांची वैद्यकी सोडून पाणबुडीत बदली मागून घेतली. तिथे संसार नसतात, असं ते म्हणत. त्यांनी लग्न केलं ते चिपळूणच्या मुलीशी, आणि आता त्यांची मराठी शिव्यांसकट उत्तम आहे. श्राबणी आणि तपन कोलकात्याला परतले. त्यांनी मराठी जेवणाची खानावळ काढली आहे आणि तिथे आमटीत साखर घालतात. समतोल बनवणाऱ्या कंपनीने पुढे ते यंत्र पाळीव कुत्र्यांसाठी विकायला काढलं. चांगलं चालतं म्हणे, कुत्री भाषेचे घोळ घालत नाहीत. आईंनी हेरंबच्या हातचा स्वयंपाक वर्षानुवर्षं खाल्ला, रोज नावं ठेवली, आणि नव्वदी ओलांडून सुखाने डोळे मिटले.

हेरंब निवृत्त झाला, त्याच वर्षी शलाकाही शेवाळशेतीवरून कायमची घरी आली. उभ्या संसारात दोघं पहिल्यांदाच बारा महिने एकत्र किनाऱ्यावर होती. आजवर त्यांचं प्रत्येक भांडण अर्धवट राहिलं होतं, कारण कोणाचं ना कोणाचं जहाज सुटायचं. आता वेळच वेळ. भांडण सकाळच्या चहाला सुरू होतं, जेवणापुरतं थांबतं आणि दुपारची झोप झाली की पुन्हा पहिल्या वाक्यापासून लागतं. शेजारी कंटाळले आहेत. त्या दोघांची तब्येत मात्र उत्तम आहे.